आमची मंडळी जानेवारीत मोजू नका

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सन्माननीय सभासद,

प्रभूच्या नावात सलाम.

लहान मंडळ्यांच्या, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती चर्चच्या, पुनर्रचनेबद्दलचं आपलं परिपत्रक मला मिळालं. त्यात असं म्हटलं आहे की ज्या ग्रामीण मंडळीची रविवारची सरासरी उपस्थिती ४० पेक्षा कमी आहे आणि जिची वर्गणी ठरवून दिलेल्या रकमेच्या निम्म्यालाही पोचत नाही, तिथला पाळक (धर्मगुरू) १ जूनपासून काढून घ्यायचा. ती मंडळी तालुक्याच्या मंडळीला जोडायची. तालुक्याचे पाळक महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी दुपारी, येऊन उपासना घेतील. जुनी रजिस्टरं मुख्य कार्यालयात जमा करायची आणि पाळकाचं घर भाड्याने द्यायचं. यादीत आमच्या मंडळीचं नाव आहे. उपस्थितीच्या रकान्यात आकडा आहे १९.

या विषयावर मी आधी रीतसर अर्ज केला होता. ‘निर्णय झालेला आहे’ असं एका ओळीचं उत्तर आलं. ते मी रविवारी मंडळीसमोर वाचून दाखवलं. त्यावर पंचांनी एवढंच विचारलं, “साहेब, निर्णय घेताना आम्हाला कोणी विचारलं होतं का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

आधी माझ्यापुरतं सांगून मोकळा होतो. आपल्या आदेशाप्रमाणे मला शहरातल्या मोठ्या मंडळीत सहायक पाळक म्हणून जायचं आहे. तिथे मानधन महिन्याच्या महिन्याला मिळेल, घर पक्कं आहे, आणि माझ्या मुलीची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर येईल. इथे गेल्या वर्षी तीन-तीन महिन्यांचं मानधन एकदम मिळालं आणि मधल्या काळात किराणा दुकानदाराने वही पुढे ढकलत नेली. तेव्हा माझी नोकरी वाचावी म्हणून हे लिहीत नाही. बदली माझ्या फायद्याचीच आहे, आणि नेमकं त्यामुळेच मला हे बोलता येतं.

आता त्या १९ बद्दल. आपली पाहणी समिती जानेवारीतल्या एका रविवारी आली होती. सतरंजीवर म्हातारी माणसं आणि त्यांच्या मांडीला टेकून बसलेली नातवंडं होती, ती समितीने मोजली. आकडा खरा आहे. पण नगर-बीडच्या सीमेवरच्या आमच्यासारख्या गावात जानेवारीत धडधाकट माणूस घरी नसतो, हे या भागातलं शाळकरी पोरही सांगेल. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मग सातारा, सांगली, कोल्हापूर, काही तर पार कर्नाटकात. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत. आमच्या मंडळीतली निम्म्याहून जास्त घरं या काळात कुलूपबंद असतात, नाहीतर आजीच्या ताब्यात. एप्रिलनंतरच्या कुठल्याही रविवारी आला असता तर सतरंजी कमी पडून बाहेर ओट्यावर बसलेली माणसंही दिसली असती. ज्या महिन्यात गावच गावात नसतं त्या महिन्यात मंडळी मोजायची आणि मग ती लहान आहे म्हणायचं, हा हिशेब मला पटत नाही.

ही माणसं मंडळीतून गळालेली नसतात. यंदा नाताळची उपासना पंचवीस तारखेला सकाळी गावात घेतली आणि सव्वीसच्या रात्री सातारा जिल्ह्यातल्या एका उसाच्या फडावर. तिथे रविवार नसतो, नाताळही नसतो. काम बुडवलं तर खाडा पडतो आणि तो उचलीत चढतो. त्यामुळे उपासना रात्रीच. शेवटची गाडी भरून कारखान्याकडे गेली तेव्हा नऊ वाजून गेले होते. बायका चुलीवरची भाकरी उतरवून, पोरांना पाचटावर निजवून कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या, मधल्या मोकळ्या जागेत येऊन बसल्या. पुरुष आले ते अर्धे झोपेत. मी वचन उघडलं तेवढ्यात मुकादमाचा निरोप आला की पहाटे तीनला दुसरी गाडी लागणार आहे. प्रवचन तिथल्या तिथे आटोपतं घेतलं. (शहरातले माझे सहकारी म्हणतील की हा मुकादम आमच्याकडेही पाठवा.)

प्रभुभोजनाच्या वेळी मी भाकर पुढे केली आणि समोरचे हात नीट दिसले. उसाच्या पात्याने बोटांवर बारीक चिरा पडलेल्या, त्यांत काळं बसलेलं, ते साबणाने निघत नाही. एका ताईने हात पदराला पुसला, पुन्हा पुसला, उजेडात धरून बघितला आणि मगच ओंजळ केली. नंतर टिळकांची भजनं झाली. मृदंग नव्हता, पाण्याच्या रिकाम्या कॅनवर एका पोराने ठेका धरला. शेजारच्या कोपीतला एक माळकरी गृहस्थ टाळ घेऊन आपणहून येऊन बसला आणि शेवटपर्यंत साथ करत राहिला. जाताना त्याने विचारलं, “हा अभंग कुणाचा म्हणायचा?” नारायण वामन टिळकांचा, असं सांगितलं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मराठी ख्रिस्ती माणसाची उपासना त्याच्या मातीतल्या भजन-कीर्तनातून व्हावी म्हणून हयात वेचली. १९१७ मध्ये मिशनचं वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, तो संस्थेच्या चौकटीबाहेर. फडावरची ती रात्र त्यांना आपली वाटली असती असं मला वाटतं. पण आपल्या वार्षिक अहवालाच्या छापील नमुन्यात या उपासनेला रकाना नाही. ‘मंडळीच्या इमारतीत झालेल्या उपासना’ एवढंच त्यात विचारलं आहे.

वर्गणीचंही तेच. आपण आमच्या जानेवारी ते मार्चच्या अर्पणाच्या थाळीवरून वर्षाचा अंदाज काढला आहे. त्या महिन्यांत थाळीत पडतं ते म्हाताऱ्यांच्या निराधार पेन्शनमधलं. आमचं खरं अर्पण येतं हिशेब मिटवून माणसं परत आल्यावर, आणि कापणीच्या सणाला. तेव्हा बाजरी येते, मटकी येते, कोंबडी येते, कोणी दुधी आणतो. मग लिलाव होतो. गेल्या सणाला एका आजीने परसातला एक डांगर आणला होता. घेणाऱ्याने पैसे मोजले आणि डांगर परत मंडळीला दिला, पुन्हा बोली लागली, पुन्हा परत आला. शेवटी तो ज्याच्या घरी गेला त्याची बायको म्हणाली, “एवढ्या पैशात शेळी आली असती.” हे सगळं पावतीपुस्तकात आहे, तारखेसह. आपण ते मागितलंच नाही.

परिपत्रकात ‘स्वावलंबन’ हा शब्द अनेकदा आला आहे आणि त्याला मिशनच्या परंपरेचा आधार दिला आहे. मग ती परंपरा पुरती पाहू. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं. पहिली वीसेक वर्षं भर होता तो केंद्रांवर, शाळांवर, साहेबांच्या बंगल्यांवर. १८५४-५५ मध्ये हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीसाठी इकडे आले. स्वावलंबी, स्वशासित आणि स्वतः वाढणारी मंडळी ही कल्पना ज्यांच्या नावाने ओळखली जाते तेच हे गृहस्थ. त्यांनी काय आग्रह धरला? इंग्रजी शाळांवरचा जोर कमी करा, खेड्यापाड्यात लहान मंडळ्या उभ्या करा आणि त्यांच्यातल्याच माणसाला दीक्षा देऊन त्यांचा पाळक करा. मंडळी मोठी होईस्तोवर थांबू नका. म्हणजे त्यांच्या लेखी आधी गावचा पाळक, आणि त्याच्या जोरावर पुढे स्वावलंबन. आपण क्रम उलटा लावला आहे: आधी वर्गणी भरा, मग पाळक मिळेल. अँडरसनच्या इतर धोरणांवर वाद घालता येईल, शाळांबाबत तर मीही घालीन. पण त्यांचं नाव घेऊन त्यांच्या विरुद्ध करू नये.

महिन्यातून एकदा येणाऱ्या पाळकाला काय जमेल आणि काय जमणार नाही, तेही सांगायला हवं. रविवारची उपासना जमेल. दुपारी दोनला, मे महिन्यात, पत्र्याखाली, पण जमेल.

लग्नं जमणार नाहीत. आमच्याकडे सगळी लग्नं एप्रिल-मेमध्ये होतात, कारण माणसं तेव्हाच गावात असतात. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा. त्याप्रमाणे विशेष परवाना नसेल तर लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच लावायचं. तालुक्याच्या एका पाळकाकडे आपण पाच गावं दिली आहेत. एकाच शनिवारी तीन गावांत मांडव पडले, तर तिसऱ्या गावचं वऱ्हाड घड्याळाकडे बघत बसणार. आणि लग्नाच्या आधीचं काम? मुलीचं वय पाहणं, दाखले पाहणं, तिला एकटीला बसवून ‘तुझी मर्जी आहे ना’ हे विचारणं? यंदा एका घरी मी लग्न लावायला नकार दिला. मुलीला अठरा पूर्ण व्हायचे होते. बाप दोन महिने माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो, मुलगी बारावीला आहे. फडावर तरण्या पोरीला घेऊन जायची भीती, घरी एकटी ठेवायची भीती, म्हणून लवकर उजवायची, हे इथलं दुखणं आहे. ते ओळखायला गावात राहावं लागतं.

पण सर्वांत अवघड विषय मातीचा आहे आणि तो मला जरा विस्ताराने मांडायचा आहे. आमची माणसं तीन-चार पिढ्या ओढ्याकाठच्या गायरानाच्या एका तुकड्यात पुरली गेली आहेत. त्या तुकड्याची सातबाऱ्यावर दफनभूमी म्हणून नोंद नाही. पूर्वी कोणाला गरज वाटली नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्या शेतकऱ्याने बांध सरकवत नांगर आत घातला. दोन जुन्या कबरींचे दगड उखडून बाजूला पडले. त्याच आठवड्यात आमचे एक वृद्ध सभासद रात्री वारले. मुलगा-सून पुण्याला बांधकामावर. इथे शवागार नाही, बर्फाच्या लाद्या तालुक्याहून आणाव्या लागतात. रात्री अकराला मी सरपंचांच्या दारात होतो. त्यांचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे: ते आमच्या मंडळीचे नाहीत, पण तलाठ्याला उठवलं, शेतकऱ्याला समोर बसवलं आणि सकाळी स्वतः उभं राहून खड्डा खणवून घेतला. वाद न होता माती झाली, कारण रात्री दार वाजवणारा माणूस गावातला होता आणि ज्यांचं दार वाजवलं ते त्याला ओळखत होते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली दहन-दफनासाठी सरकारी जमीन राखून ठेवता येते. तो अर्ज मी मंडळीच्या वतीने केला आहे. ग्रामसभेचा ठराव मिळाला आहे, मोजणी बाकी आहे, फाईल तहसीलमध्ये आहे. आणि तहसीलमधली फाईल आठवड्याला कोणी जाऊन हलवली नाही तर हलत नाही, हे आपल्यापैकी शासकीय नोकरी केलेल्या सभासदांना मी सांगायला नको. १ जूनला मी गेलो की ती तिथेच राहील.

हे काम किरकोळ वाटत असेल तर जानेवारी २०२५ आठवा. छत्तीसगडच्या बस्तरमध्ये एका ख्रिस्ती पाळकाला त्याच्याच गावात पुरू दिलं नाही. मृतदेह जवळपास तीन आठवडे शवागारात पडून होता. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, आणि शेवटी दफन झालं ते वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावच्या दफनभूमीत. आमच्या गावात तसं वातावरण नाही, देवाची कृपा. पण वातावरण बदलायला वेळ लागत नाही. हल्ली घरगुती प्रार्थनेला चार माणसं जमली की कोणीतरी मोबाईल काढून शूटिंग करतं. पोलीस पाटील मला नावाने ओळखतात म्हणून गोष्ट चहावर मिटते. अशा दिवसांत गावातून पाळक उठवणं म्हणजे काय, याचा विचार बैठकीत झाला होता का? इतिवृत्तात तरी दिसत नाही.

रजिस्टरांबद्दल थोडं. आमचं बाप्तिस्म्याचं सर्वांत जुनं रजिस्टर जीर्ण झालं आहे, ते नीट ठेवायला हवं, हे मान्य. पण अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात धरतात. त्या जातीच्या दाखल्याच्या पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे पुरावे मागतात. आमच्या लोकांच्या आजोबांकडे ना शाळेचा दाखला, ना जमिनीचा उतारा. जून-जुलैत प्रवेशाच्या धांदलीत पोरं माझ्या ओसरीवर येतात आणि त्या रजिस्टरात आजोबांचं नाव शोधतात. पडताळणी समिती ते मानेल किंवा नाही मानणार, पण हातात काहीतरी असतं. उद्या त्यांनी एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून मुख्य कार्यालयात जायचं, आणि क्लार्क रजेवर आहे म्हणून परत यायचं का?

मागे राहिलेल्या पोरांचा विषय कुठल्याच कागदावर नाही. आईबाप फडावर, पोरं आजीकडे. माझी बायको, जिला मंडळी पाळकीणबाई म्हणते आणि संस्था कुठल्याच नावाने ओळखत नाही, रोज संध्याकाळी त्यांना आमच्या ओट्यावर अभ्यासाला बसवते. अभ्यासाचं निमित्त. खरं म्हणजे सहाच्या नंतर सगळी पोरं एका जागी दिसावीत, कोण आलं नाही ते कळावं. तिला मानधन नाही, तिने मागितलंही नाही. पण पाळकाचं घर भाड्याने दिलं की ओटाही गेला.

पैसे नाहीत, हे आपलं म्हणणं मी खोटं मानत नाही. पण पैसे किती आहेत हेही आम्हाला माहीत नाही. शहरातल्या जुन्या मिशन कंपाउंडमधले गाळे भाड्याने आहेत. त्या जागा एकेकाळी सगळ्या मंडळ्यांच्या नावाने घेतल्या गेल्या, त्यांत खेड्यांचाही वाटा आहे. त्या भाड्याचा हिशेब ग्रामीण मंडळ्यांना गेली कित्येक वर्षं पाठवलेला नाही. कोणावर आरोप करत नाही. हिशेब मागतो आहे.

तर मंडळीच्या ठरावाने आमच्या मागण्या अशा आहेत. १ जूनची अंमलबजावणी थांबवावी, फक्त आमच्यापुरती नाही, यादीतल्या सगळ्या मंडळ्यांसाठी. उपस्थितीची मोजणी पुन्हा करावी आणि ती जून ते सप्टेंबरच्या दरम्यान. वर्गणीचा विचार वर्षभराच्या पावत्यांवरून व्हावा, कापणीच्या सणाचं धान्य धरून. जोडणी अटळच असेल तर पाळकाने राहायचं कुठे ते मंडळ्यांनी मिळून ठरवावं. तालुक्याचे पाळक तालुक्यात राहतात ही काही आज्ञा नव्हे. दफनभूमीचं काम पुरं होईपर्यंत संस्थेने एक वकील द्यावा, कारण आमच्यासारखी बिननोंदीची जागा यादीतल्या आणखी गावांतही आहे. रजिस्टरांच्या चांगल्या प्रती काढून मूळ प्रत हवी तर न्यावी, पण एक प्रमाणित प्रत गावात राहू द्यावी. मिळकतींच्या भाड्याचा मागच्या तीन वर्षांचा जमाखर्च सर्व मंडळ्यांना पाठवावा. आणि कार्यकारिणीत हंगामी मजुरी करणाऱ्या मंडळ्यांचा निदान एक प्रतिनिधी असावा. तो ऑक्टोबर ते मार्च बैठकीला येऊ शकणार नाही, तेव्हा महत्त्वाचे निर्णय त्या काळात घेऊ नयेत.

शेवटची मागणी वाचून कोणाला हसू येईल. मंडळीतल्या ज्या ताईने ती सुचवली ती बारा वर्षं कोयत्यावर जाते आहे, आणि ठराव तिच्याच शब्दांत लिहिला आहे.

या पत्राचं उत्तर लेखी मिळावं, आणि ते माझ्या नावाने न पाठवता मंडळीच्या सचिवांच्या नावाने पाठवावं, म्हणजे माझी बदली झाली तरी ते इथे पोचेल. माझ्याविरुद्ध शिस्तीची कारवाई करायची असेल तर तीही लेखी कळवावी, मी हजर राहीन. तोवर रविवारची उपासना नेहमीप्रमाणे सकाळी साडेनऊला आहे. समितीतल्या कोणाला पुन्हा यायचं असेल तर आगाऊ कळवायची गरज नाही.

आपला सेवेतील सहकारी,
यादीतल्या एका मंडळीचा पाळक